गाळात समुद्राचा माग काढणारे हिस्लॉप

बीड जिल्ह्यात विहीर खोदताना काळ्या पाषाणाचे थरावर थर लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा हा पाषाण थेट नागपूरपर्यंत पसरला आहे. दोन उद्रेकांमधील शांत काळात काही ठिकाणी तळी साचली. त्यांच्या तळाशी बसलेला गाळ पुढच्या लाव्हारसाखाली गाडला गेला. नागपूर परिसरातील हा गाळ बारकाईने वाचणारे सुरुवातीचे अभ्यासक म्हणजे स्टीफन हिस्लॉप.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरात आले. त्यांनी शाळा सुरू केली, मराठी आत्मसात केली, गोंडांच्या परंपरागत कथा टिपून ठेवल्या. त्यांना दगडांचाही तेवढाच नाद होता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूरजवळच्या टाकळी परिसरातून गोगलगायींचे शंख, फळे, बिया यांचे जीवाश्म गोळा केले. १८५५ मध्ये दोघांचा प्रबंध लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

हा गाळ समुद्रातला की तळ्यातला, हा कळीचा प्रश्न होता. गोड्या पाण्यातील गोगलगायी वेगळ्या आणि खाऱ्या पाण्यातल्या वेगळ्या. त्यामुळे शंखाची जात ओळखली की पाण्याची जात कळते. नागपूरचे शंख गोड्या पाण्यातले निघाले. म्हणजे लाव्हा तळ्यांवरून वाहिला होता. आंध्रातील राजमहेंद्रीच्या तशाच थरात मात्र खाडीत राहणारे शंख-शिंपले होते. म्हणजे त्या काळी समुद्राचे पाणी तिथवर पोहोचत होते. १८६० च्या प्रबंधात हिस्लॉप यांनी दोन्ही ठिकाणच्या शंखांचे वर्णन केले. या थरांच्या वयाचा त्यांचा अंदाज पुढे बदलला, पण गोड्या-खाऱ्या पाण्याची पारख टिकली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. तेव्हा त्यांचे वय ४५ वर्षे होते. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांनी हाताळलेला प्रश्न अजून जिवंत आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे लाव्हाथरांमधील गाळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचे सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या भागात तेव्हा समुद्राचा फाटा शिरला असावा, असे त्या संशोधकांना वाटते. पाणी कुठवर आले होते, याची साक्ष आजही गाळातली कवचेच देतात.