विल्यम टी. पोर्टर : क्रीडापत्राचा संपादक आणि बोलीतील कथा

बोलीभाषा साहित्यात कशी आली, याचा शोध घेताना तुम्ही साहजिकच कथा-कादंबऱ्यांकडे वळाल. अमेरिकेपुरता हा शोध घेतला, तर मात्र घोड्यांच्या शर्यतींची वृत्ते छापणाऱ्या एका साप्ताहिकापाशी थांबावे लागते. विल्यम ट्रॉटर पोर्टर हे त्याचे संपादक.

पोर्टर यांचा जन्म २४ डिसेंबर १८०९ रोजी व्हरमाँट राज्यातील न्यूबरी येथे झाला. छापखान्याच्या कामात तयार होऊन ते न्यूयॉर्कला आले आणि १० डिसेंबर १८३१ रोजी त्यांनी 'स्पिरिट ऑफ द टाइम्स' सुरू केले. शर्यती, शिकार, रंगभूमी आणि साहित्य हे त्याचे विषय होते. (क्रिकेटलाही त्यात जागा होती, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल.)

दूरदूरच्या राज्यांतून वृत्तांत पाठवणारे बहुतेक हौशी लेखक होते : वकील, डॉक्टर, लष्करी अधिकारी, मळेवाले. शर्यतीच्या निकालासोबत ते शिकारीच्या अतिशयोक्त गप्पाही लिहून पाठवत, त्याही सरहद्दीवरच्या माणसांच्या रांगड्या बोलीत. दुसऱ्या एखाद्या संपादकाने निकाल ठेवून गप्पा गाळल्या असत्या. पोर्टर यांनी त्या आवर्जून छापल्या. टी. बी. थॉर्प या चित्रकाराची 'द बिग बेअर ऑफ आर्कान्सा' ही कथा १८४१ मध्ये याच पत्रात आली. मिसिसिपीवरील आगबोटीत एक वसाहतवाला अस्वलाच्या शिकारीची हकिकत आपल्याच भाषेत सांगतो, एवढाच तिचा घाट. पोर्टर यांनी १८४५ मध्ये अशा कथांचा संग्रह याच नावाने संपादित केला. मार्क ट्वेन यांच्या विनोदाची मुळे अभ्यासक याच परंपरेत शोधतात.

पत्रात पक्षीय राजकारण नको, हा पोर्टर यांचा दंडक होता. तो निरुपद्रवी मानता येत नाही. दक्षिणेतील मळेवाले त्यांचे वाचकही होते आणि लेखकही. त्यांच्या तबेल्यांत राबणारे मोतद्दार आणि शर्यतीत घोडे पिटाळणारे स्वार अनेकदा गुलाम असत. ज्या पत्राने बोलीला दार उघडले, त्यात या माणसांची बाजू त्यांच्या तोंडून आली नाही.

व्यवहारात पोर्टर कच्चे होते. १८४२ मध्ये मालकी विकावी लागली. संपादक म्हणून ते १८५६ पर्यंत राहिले. मग जॉर्ज विल्क्स यांच्यासह त्यांनी 'पोर्टर्स स्पिरिट ऑफ द टाइम्स' हे नवे पत्र काढले. १९ जुलै १८५८ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.