तांबेऱ्याचा माग काढणारे प्राध्यापक

प्रवरा आणि मुळा कालव्यांखालच्या गव्हात माघ महिन्यात फेरी मारून आलेल्या शेतकऱ्याच्या धोतराला कधी कधी तांबूस भुकटी लागलेली असते. ती दिसली की घरातल्या जाणत्या माणसांचा चेहरा उतरतो. ही भुकटी म्हणजे तांबेरा रोगाच्या बुरशीचे बीजाणू. ते येतात कोठून, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात डॉ. करमचंद मेहता यांनी आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे वेचली. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांना त्यांचे नाव क्वचितच ठाऊक असेल.

बुरशीला फूल नाही, फळ नाही, बी नाही. तिचा सारा वंशविस्तार एकपेशीय, साध्या डोळ्यांना सुटा न दिसणाऱ्या बीजाणूंवर चालतो. पानावर दव असले की बीजाणू रुजतो, त्याचा तंतू पर्णरंध्रातून आत शिरतो आणि हवामान अनुकूल असेल तर आठ-बारा दिवसांत त्या जागी फोड फुटून हजारो नवे बीजाणू वाऱ्यावर स्वार होतात. नर-मादीच्या मीलनाची त्यासाठी गरजच पडत नाही. मात्र ही बुरशी जिवंत रोपावरच वाढू शकते. चैत्रात गहू निघाला, वैशाखाचे ऊन तापले की मैदानी शेतातील बीजाणू मरून जातात. मग पुढच्या हंगामात ती भुकटी पुन्हा येते कशी?

मेहता यांचा जन्म १८९२ मध्ये अमृतसरचा. लाहोरला शिक्षण घेऊन ते आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १९२०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी केंब्रिजला संशोधन केले. युरोपात या कोड्याचे उत्तर तोवर सापडले होते. काळ्या तांबेऱ्याचे जाड कवचाचे बीजाणू हिवाळा काढतात, वसंतात बार्बेरीच्या झुडपावर संसर्ग करतात आणि तेथून रोग पुन्हा गव्हावर येतो, हे जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले होते. अमेरिकेत तर १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची मोहीमच सुरू झाली होती. बार्बेरीच्या कुळातली झुडपे, म्हणजे आपली दारुहळद, भारतातील डोंगरांतही आहेत. तेव्हा येथेही तीच गुन्हेगार असणार, असे मानणे सोपे होते.

मेहता यांनी ते मानले नाही. मायदेशी परतल्यावर १९२३ च्या सुमारास त्यांनी आग्र्यातून पाहणी सुरू केली. सरकारी कृषी संशोधन परिषदेचे अनुदान मिळाले ते १९३० मध्ये. सिमला, अल्मोडा अशा थंड ठिकाणी त्यांनी प्रयोग मांडले. हवेतील बीजाणू पकडण्यासाठी चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या पतंग आणि फुग्यांना बांधून आकाशात सोडल्या. विज्ञानाच्या इतिहासात पतंगाचा इतका व्यवहारी उपयोग थोड्यांनीच केला असेल! निष्कर्ष असा निघाला, की भारतात दारुहळदीचा या रोगाशी वार्षिक संबंध नाही. उत्तरेस हिमालयाच्या आणि दक्षिणेस निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत बिगरहंगामी गव्हावर आणि आपोआप उगवलेल्या रोपांवर बुरशी उन्हाळा काढते, आणि तेथून वारा बीजाणू मैदानात आणून सोडतो. १९४० मध्ये हे सारे त्यांनी ग्रंथरूपाने मांडले.

त्यावर त्यांनी सुचविलेला उपाय मात्र कठोर होता. डोंगरातील बिगरहंगामी गव्हाचे पीक बंद करावे आणि आपोआप उगवलेली रोपे नष्ट करावीत, असे त्यांचे म्हणणे. शास्त्र म्हणून ते बिनतोड होते. पण मैदानातील गहू वाचावा म्हणून डोंगरावरच्या गरीब शेतकऱ्याने आपले पीक सोडावे, हे त्याला कोणी आणि कोणत्या तोंडाने सांगायचे? ती शिफारस व्यापक प्रमाणावर अमलात आलीच नाही. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भीषण साथ आली. सुमारे २० लाख टन गहू गेल्याचा अंदाज आहे, आणि तोही रेशनिंगच्या, टंचाईच्या दिवसांत. इशारा देणारा ग्रंथ तेव्हा सहा वर्षांचा झाला होता.

मेहता १९५० मध्ये निवर्तले. त्यांचा दुसरा ग्रंथ १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडून येणाऱ्या बीजाणूंची वाट पुढे १९७०च्या दशकात अधिक स्पष्ट झाली. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे नोव्हेंबरच्या सुमारास निलगिरीकडचे बीजाणू उचलतात आणि पावसाबरोबर मध्य भारतातील गव्हावर उतरवतात, असे भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

पीक बंद करण्याऐवजी देशाने तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या वाणांचा मार्ग पत्करला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे महाबळेश्वरचे केंद्र तांबेऱ्यावर काम करते, तर त्याच विद्यापीठाच्या निफाड केंद्राने त्र्यंबक, तपोवन, पंचवटी हे वाण दिले. बुरशी मात्र नवनव्या जाती घडवीत राहते. मेहता यांनी सिमल्यात फ्लॉवरडेल येथे उभारलेल्या प्रयोगशाळेत त्या जाती ओळखण्याचे काम आजही चालू आहे.