पावणेपाच फुटांचं जहाज

डोनाल्ड मॅके हे नाव आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. तरीही फर्स्ट इयरला रात्र रात्र जागून ड्रॉइंगच्या शीट्स पूर्ण केलेल्या प्रत्येकाने या माणसाबद्दल वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

मॅके जन्मला १८१० साली, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. १८२६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला आणि आयझॅक वेबच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. करारपत्रात पत्ते, फासे, दारूचे गुत्ते, नाटकं आणि लग्न, सगळ्याला बंदी! (आपले रेक्टर त्या मानाने फारच दयाळू.) सुतारकामात त्याचा हात बसला, पण शिक्षण बेताचंच. ती उणीव भरून काढली त्याच्या बायकोने. अल्बेनिया बूल ही जहाज बांधणाऱ्याचीच मुलगी, जहाजाचे आराखडे काढण्यात तयार. १८३३ मध्ये लग्न झालं आणि मॅकेचं खरं इंजिनिअरिंग ड्रॉइंग घरीच सुरू झालं.

त्या काळी जहाज आधी कागदावर नाही, लाकडात जन्मायचं. सारख्या जाडीच्या फळ्या एकावर एक ठेवून खुंट्यांनी जोडायच्या आणि त्या ठोकळ्यातून जहाजाची फक्त अर्धी बाजू कोरायची. डावी-उजवी सारखीच, मग दोन्ही कशाला? नजरेला आणि तळहाताला वळण पटलं की खुंट्या काढायच्या. सुट्या झालेल्या प्रत्येक फळीची कड म्हणजे त्या उंचीवरचा जहाजाचा आकार. मापं घेऊन ती मोठ्या हॉलच्या जमिनीवर पूर्ण आकारात आखायची आणि त्यावरून लाकूड कापायचं. नेहमीची स्केल पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८. मॉडेलमध्ये एक मिलिमीटर चुकला तर जहाजात जवळजवळ पाच सेंटिमीटर! आणि सीएनसी वगैरे काही नाही, नुसती पटाशी आणि रंधा.

१८४५ मध्ये त्याने ईस्ट बोस्टनला स्वतःचा कारखाना टाकला. तेवढ्यात कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला लवकर पोचवेल अशा जहाजांना सोन्याचाच भाव आला. १८५१ मध्ये मॅकेचं ‘फ्लाइंग क्लाउड’ पाण्यात उतरलं. लांबी २२९ फूट, म्हणजे १:४८ ने मॉडेल पावणेपाच फुटांचं. नाळ धारदार, पण तळ बराचसा सपाट, त्यामुळे वेगही आणि मालही. पहिल्याच सफरीत डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडले, तरी न्यूयॉर्कहून ते ८९ दिवस २१ तासांत पोचलं. कप्तान जोसाया क्रीसी, आणि दिशा काढणारी त्याची बायको एलिनॉर. १८५४ मध्ये त्याच जहाजाने आणखी १३ तास वाचवले. शिडाच्या बोटींमधला हा विक्रम १९८९ पर्यंत टिकला.

मग मॅकेने स्वतःच्या हिमतीवर ‘ग्रेट रिपब्लिक’ बांधलं, तब्बल ३३५ फूट. डिसेंबर १८५३ मध्ये, पहिल्या सफरीचा माल भरत असतानाच, न्यूयॉर्कच्या धक्क्याजवळच्या आगीच्या ठिणग्या शिडांवर पडल्या आणि ते जळालं. एकही सफर झाली नव्हती. मला वाटतं, मॅके यातून पुरता सावरला नाही. पण कामं चालू होती. पुढच्याच वर्षी ‘लाइटनिंग’ एका दिवसात ४३६ सागरी मैल धावलं. ‘जेम्स बेन्स’चा तर आपल्याशीही संबंध आला. १८५७ च्या उठावावेळी ते गोरं सैन्य घेऊन कलकत्त्याला आलं, आणि १८५८ मध्ये कलकत्त्याचा माल उतरवताना लिव्हरपूलला जळून गेलं.

१८५७ च्या मंदीनंतर मागणी आटली. १८६९ मध्ये त्याने शेवटचं क्लिपर ‘ग्लोरी ऑफ द सीज’ कर्ज काढून बांधलं. त्याच वर्षी अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत रेल्वे पोचली होती. कारखाना हातचा गेला. मॅके हॅमिल्टन गावी शेती करू लागला आणि तिथेच १८८० मध्ये वारला. ‘फ्लाइंग क्लाउड’ त्याआधीच, १८७४ मध्ये, कॅनडाच्या किनाऱ्यावर रुतलं होतं. पुढच्या वर्षी त्यातलं तांबं काढण्यासाठी लोकांनी ते जाळलं. आज त्याची मॉडेल्स मात्र हौशी लोक घरोघरी बनवतात, तीही दोन्ही बाजूंची.