चिकाटीचा माणूस : डॉ. मायकेल बुओनोकोर

विद्यार्थी मित्रांनो, किडलेल्या दाढेत मसाला भरून घेतलेले आपल्यापैकी बरेच जण असतील. पण सतत ओल्या राहणाऱ्या तोंडात तो मसाला वर्षानुवर्षे टिकतो कसा? हा प्रश्न सोडवणाऱ्या डॉ. मायकेल बुओनोकोर यांची आज आपण ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १९१८ सालचा. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात, कोडॅक कॅमेऱ्याचे जनक जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दंतसंस्थेत ते संशोधन करीत. त्या काळी दातात भरायचा चांदीचा मसाला दाताला चिकटत नसे. तो निसटू नये म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागे आणि किडीबरोबर दाताचा निरोगी भागही जाई. हे नुकसान टाळायचे कसे, याचा विचार ते करीत होते.

कारखान्यात धातूला रंग देण्याआधी फॉस्फरिक आम्ल लावतात, म्हणजे रंग पक्का बसतो. हीच युक्ती त्यांनी दातावर करून पाहिली. एनॅमल म्हणजे दाताचे कठीण आवरण. त्यावर ८५ टक्के आम्ल फक्त ३० सेकंद लावून धुतले आणि ॲक्रिलिकचा थेंब चिकटवला. साध्या दातावरचा थेंब सरासरी ११ तास टिकला, तर आम्ल लावलेल्या दातावरचा सुमारे १०७० तास, म्हणजे जवळजवळ दीड महिना! १९५५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

पण कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्यांनी मात्र काम सोडले नाही. आम्लाने एनॅमलवर अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत पातळ राळ शिरून घट्ट होते आणि मुळांसारखी धरून ठेवते, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले. मुलांच्या दाढांच्या खाचा आधीच बुजवून कीड रोखण्याचा प्रयोगही त्यांनी केला. पहिला चिकट पदार्थ तोंडात टिकेना, तेव्हा त्यांनी डॉ. राफेल बोवेन यांनी शोधलेली राळ घेतली आणि ती अतिनील प्रकाशाने घट्ट केली.

१९८१ साली त्यांचे निधन झाले. आज दंतवैद्य साधारण ३७ टक्के आम्ल वापरतात. एनॅमलवरचा हा जोड वर्षानुवर्षे टिकतो. आतल्या ओलसर थरावरचा जोड मात्र काळाने कमकुवत होतो; त्यावर संशोधन अजून चालू आहे.

तेव्हा मित्रांनो, दंतवैद्य कापूस ठेवून तोंड उघडेच ठेवायला सांगतात, तेव्हा कंटाळू नका. आम्ल लावलेल्या जागी थोडी लाळ लागली तरी जोड कच्चा राहतो. आणि आपले काम कोणी पाहत नाही असे वाटले, तर या चिकाटीच्या माणसाची आठवण ठेवा.