बावन्न पानांचा प्राध्यापक

'पत्ते' हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने फारसा उच्चारला जात नाही. लग्नघरी रात्र जागवायला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना घरात थोपवून धरायला पत्ते चालतात; पण एरवी पत्ते खेळणारा माणूस म्हणजे वाया गेलेला माणूस, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. ते अगदीच निराधार आहे असेही नाही. 'झन्नामन्ना'च्या डावात माणसे कशी बुडाली, याच्या गोष्टी आपल्या शहादा-लोणखेडा परिसरात सर्वांनीच ऐकलेल्या आहेत. आमच्याच घरात पणजोबांच्या वेळी दोन बिघे जमीन अशी गेली, आणि तेव्हापासून पत्त्यांचा कॅट उंबरा ओलांडून आत आलेला नाही. असे असताना ज्या माणसाने जवळजवळ नव्वद वर्षे पत्ते हातावेगळे केले नाहीत आणि तरीही ज्याला जगभरच्या जादूगारांनी आदराने 'प्रोफेसर' म्हटले, त्याचे चरित्र आपल्या वार्षिकात लिहावे असे मला वाटले. त्या माणसाचे नाव डाय व्हर्नन.

जादू म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पडदा, दिव्यांचा झगमगाट आणि पेटीतून नाहीशी होणारी बाई येते. महाराष्ट्रात जादूगार रघुवीर यांनी रंगमंचावरील जादूला मोठी लोकप्रियता मिळवून दिली. परंतु जादूचा आणखी एक प्रकार आहे. त्यात पडदा नाही, पेटी नाही, मदतनीसही नाही. टेबलाभोवती पाच-सात माणसे बसलेली असतात, त्यांच्यापासून हातभर अंतरावर जादूगार बसतो, आणि पत्त्यांचा एक साधा कॅट एवढेच त्याचे साहित्य असते. पान प्रेक्षकाने निवडायचे, वाटल्यास कॅटही त्यानेच पिसायचा. रंगमंचावर अंतर जादूगाराच्या मदतीला येते. येथे लपायला जागाच नाही. या प्रकाराला विद्येची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत व्हर्नन यांचे नाव अग्रभागी आहे.

व्हर्नन यांचा जन्म 11 जून 1894 रोजी कॅनडातील ओटावा शहरी झाला. त्यांचे मूळ नाव डेव्हिड फ्रेडरिक विंगफील्ड व्हर्नर. वडील सरकारी नोकरीत होते आणि हौस म्हणून जादूचे प्रयोग करीत. वयाच्या सातव्या वर्षी मुलाला जादूची गोडी लागली ती त्यांच्यामुळेच. पुढे 1902 मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर लेखक म्हणून एस. डब्ल्यू. अर्डनेस हे नाव होते. पण ते टोपणनाव असून त्यामागचा खरा माणूस कोण, हे आजवर निर्विवादपणे ठरलेले नाही. पुस्तकाच्या पहिल्या भागात जुगाऱ्यांच्या युक्त्या आणि दुसऱ्या भागात पत्त्यांची जादू होती. शाळकरी व्हर्ननने हे पुस्तक अक्षरशः पाठ केले. आपण पाढे पाठ करतो तसे त्याने प्रत्येक बोटाचे स्थान पाठ केले. आयुष्यभर हाच ग्रंथ त्यांचा गुरू राहिला.

घरच्या अपेक्षेप्रमाणे ते किंग्स्टन येथील रॉयल मिलिटरी कॉलेजात यंत्र-अभियांत्रिकी शिकू लागले. हा मार्ग धरला असता तर मानाची नोकरी ठरलेली होती. पण मन पत्त्यांतच गुंतले होते. विशीत त्यांनी न्यूयॉर्कची वाट धरली. पोटासाठी त्यांनी वेगळाच उद्योग पत्करला. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याची एका बाजूने दिसणारी आकृती काळ्या कागदातून कात्रीने कापून द्यायची आणि त्याचे थोडे पैसे घ्यायचे. हा धंदा त्यांना अनेक वर्षे उपयोगी पडला. 'डाय' हे नावही असेच योगायोगाने मिळाले. 'डेव्हिड' छापताना वृत्तपत्रात चूक झाली आणि ती चूकच त्यांनी नाव म्हणून स्वीकारली, असे सांगतात.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग 1922 सालचा. 6 फेब्रुवारीच्या रात्री शिकागोच्या ग्रेट नॉर्दर्न हॉटेलात सुप्रसिद्ध हॅरी हूडिनी यांच्या सन्मानार्थ जादूगारांची मेजवानी होती. बेड्या, साखळ्या आणि कुलूपबंद पेट्या यांतून सुटणारे हूडिनी म्हणजे त्या काळचे जगातील सर्वांत प्रसिद्ध जादूगार. कोणताही खेळ आपल्याला तीनदा दाखवला की त्याचे इंगित आपण ओळखतो, अशी त्यांची प्रौढी होती. सत्तावीस वर्षांच्या व्हर्ननने त्यांच्यापुढे कॅट धरला. हूडिनींनी एक पान काढले आणि त्यावर शाईने आपल्या नावाची आद्याक्षरे लिहिली. व्हर्ननने ते पान सर्वांच्या देखत वरून दुसऱ्या जागी सरकवले. मग वरचे पान उलटले, तो तेच पान! हूडिनींना वाटले, एकसारखी दोन पाने असावीत. पण सही तर त्यांचीच होती. खेळ पुन्हा झाला, पुन्हा तेच. तीन वेळा झाले, पाच वेळा झाले, सात वेळा झाले असे म्हणतात. हूडिनींना काही केल्या उलगडा होईना. तेव्हापासून व्हर्नन यांची ओळख 'हूडिनींना फसवणारा माणूस' अशी झाली.

हे कसे घडले? केवळ बोटांच्या वेगाने घडले, असा आपला समज असतो. 'हातचलाखी' या शब्दातही वेगच सुचवलेला आहे. पण व्हर्नन यांचा मार्ग नेमका उलटा होता. पत्ते हातात धरताना, टेबलावर ठेवताना किंवा पान उलटताना साधा माणूस कसा वागतो, याचे त्यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. गुप्त क्रिया नेहमीच्या हालचालीसारखीच दिसली पाहिजे. हात जरा जरी अवघडला, की प्रेक्षकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. म्हणून घाई नको, दिखाऊ कसरत नको. खेळात काय घडले हे प्रेक्षकाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे, हाही त्यांचा आग्रह असे. गोंधळलेला माणूस आश्चर्यचकित होत नाही, तो नुसता कंटाळतो. वक्तृत्व स्पर्धेत उभे राहणाऱ्या आणि उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या आपण सर्वांनीच हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मला मात्र हूडिनींच्या प्रसंगापेक्षा दहा वर्षांनंतरची एक हकिकत अधिक मोलाची वाटते. 1932 साल. अमेरिकेत मंदीचा काळ, हाताला काम नाही. व्हर्नन कॅन्सस राज्यातील विचिटा गावी कागदी आकृत्या कापून दिवस काढीत होते. तेथील तुरुंगात पत्त्यांत तरबेज असा एक मेक्सिकन कैदी आहे असे कळताच ते त्याला भेटायला गेले. या कैद्याकडून त्यांना एका माणसाची वार्ता मिळाली. तो म्हणे कॅटच्या मधोमध असलेले पान, वरचे पान वाटल्याच्या बेमालूम आविर्भावात वाटतो. ही गोष्ट जाणकार अशक्यच मानीत. व्हर्नन यांनी त्या माणसाचा शोध सुरू केला. जुगाराच्या अड्ड्यांवर चौकशा केल्या, लोकांची टिंगल सोसली, आणि अखेर मिसूरी राज्यातील प्लेझंट हिल नावाच्या लहानशा गावात अॅलन केनेडी हा जुगारी त्यांना सापडला. हूडिनींना हरवणारा माणूस एका खेडेगावच्या जुगाऱ्यापुढे विद्यार्थी होऊन बसला.

येथेच जुगारी आणि जादूगार यांच्यातला फरक स्पष्ट होतो. दोघांची बोटे तीच, साधना तीच, युक्तीही पुष्कळदा तीच. परंतु जुगारी आपली विद्या लपवतो आणि समोरच्याचा खिसा रिकामा करतो. जादूगार मात्र मी तुम्हांला फसवणार आहे, असे आधीच सांगून बसतो आणि जाताना प्रेक्षकाला आनंद देऊन जातो. आमची दोन बिघे पत्त्यांनी नेली नाहीत, त्यांच्यामागच्या हेतूने नेली, असे आता मला वाटते.

व्हर्नन यांचे आयुष्य सर्वस्वी आदर्श होते, असे मात्र म्हणता येणार नाही. 1924 मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी जीन या स्वतः जादूच्या खेळांत मदतनीस म्हणून काम केलेल्या होत्या. पुढे दोन मुलगे झाले. पण व्हर्नन यांचे चित्त कमाईत कधी रमले नाही. नवी युक्ती साधली की त्यांचे समाधान होई. ती विकून पैसा करणे त्यांना जमत नसे. त्यांच्या साधनेची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही. 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी विदूषकी वेशात संगीताच्या साथीने रंगमंचीय प्रयोग उभारला आणि न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलसारख्या भव्य नाट्यगृहात तो केला. जाणकारांनी वाखाणला, तरी त्यातून संसाराची घडी बसली नाही. 1941 मध्ये तर बांधकामावर मजुरी करण्याची पाळी आली. तेथेच उंचावरून पडून त्यांचे दोन्ही हात मोडले. ज्याचे सर्वस्व हातांत, त्याचे हातच गेले, असे कोणालाही वाटले असते. पण हाडे सांधल्यावर त्यांनी पुन्हा कॅट हातात घेतला आणि पुढची पन्नास वर्षे तो सोडला नाही.

1957 मध्ये लुईस गॅन्सन यांनी लिहिलेला, व्हर्नन यांच्या जादूवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपले गारुडी बाजारात जमिनीवर फडके पसरून वाट्या आणि गोळ्यांचा खेळ करतात. त्या प्राचीन खेळाची व्हर्नन यांनी केलेली बांधणी या ग्रंथात आहे आणि आज जगभर तीच नमुनेदार मानली जाते. 1963 मध्ये हॉलिवूड येथे 'मॅजिक कॅसल' ही जादूगारांची संस्था सुरू झाली. सत्तरीच्या उंबरठ्यावरील व्हर्नन तेथे गेले आणि अखेरपर्यंत तिचेच होऊन राहिले. येणाऱ्या तरुणांना समोर बसवायचे, त्यांचे हात पाहायचे, चुका दाखवायच्या, हाच त्यांचा नित्यक्रम. जादूच्या व्यवसायात गुपिते जिवापाड जपतात. व्हर्नन यांनी मात्र जिज्ञासूला विन्मुख पाठवले नाही.

त्यांच्या शिष्यांपैकी पर्सी डायाकोनिस याची गोष्ट तर विलक्षण आहे. चौदाव्या वर्षी घर सोडून तो व्हर्नन यांच्याबरोबर गावोगाव हिंडला. पत्ते पिसताना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता तो गणिताकडे वळला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. कॅटचे दोन भाग करून त्यांची पाने एकमेकांत सोडत पिसल्यास बावन्न पाने नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागते, हे त्याने डेव्ह बायर यांच्यासह 1992 मध्ये गणिताने दाखवले. त्याच वर्षी 21 ऑगस्ट रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात व्हर्नन यांचे निधन झाले. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेल्या या प्राध्यापकाचा एक शिष्य तरी खरोखरीचा प्राध्यापक झाला होता.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण घरातून महाविद्यालयात येणारे पहिलेच आहेत. मीही त्यांतलीच एक. अडले तर घरी विचारायला कोणी नसते, आणि बाहेर विचारायला संकोच वाटतो. व्हर्नन यांनी विद्या पुस्तकाकडून घेतली, कैद्याकडून घेतली, जुगाऱ्याकडूनही घेतली. देणाऱ्याची प्रतिष्ठा त्यांनी कधी विचारली नाही. मात्र घेतलेल्या विद्येचा उपयोग काय करायचा, हे त्यांनी स्वतः ठरवले आणि म्हातारपणी ती मागेल त्याला देऊन टाकली. विचारण्याची लाज नसावी आणि सांगण्याचा कंटाळा नसावा, एवढे जरी आपण या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.

(द्वितीय वर्ष, कला)