वस्त्रे न आलेला वारस

तुकोजी होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात वारले, तेव्हा त्यांना चार मुलगे होते. काशीराव आणि मल्हारराव औरस. यशवंतराव आणि विठोजी लेकावळे. जामनेरच्या आजच्या म्हाताऱ्यांच्या सात-आठ पिढ्या मागची ही गोष्ट.

शास्त्र म्हणाल तर मिताक्षरेने शूद्र मानलेल्या कुळांत दासीपुत्रालाही वाटा दिला आहे, औरसाच्या निम्मा. पण सरदारी म्हणजे घरचे शेत नव्हे. सरंजाम पेशव्यांनी सनदेने द्यायचा, वस्त्रे पाठवायची, नजराणा घ्यायचा. मग वारसा पुरा. औरसालाही यातून सुटका नव्हती.

काशीरावांच्या पाठीशी दौलतराव शिंदे उभे राहिले. त्यांच्या फौजेने सप्टेंबरात मल्हाररावांना पुण्यातच ठार केले. मल्हाररावांच्या मागे जन्मलेला खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात गेला. यशवंतराव नागपूरला निसटले, तिथे भोसल्यांनी कैद केले, तिथूनही पळाले. १७९९ साली महेश्वरास त्यांनी कारभार हाती घेतला, तोही या तान्ह्या पुतण्याच्या नावाने. मला यात नम्रतेपेक्षा हिशेब अधिक दिसतो. औरसाच्या पोराचे नाव पुढे केले, की सनद मागायला तोंड राहते.

१८०१ मध्ये विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. पुढच्या वर्षी यशवंतरावांच्या फौजा खानदेश लुटीत-जाळीत पुण्याकडे निघाल्या. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि कैक गावे ओस पडली. आपल्या भागाने हे सारे एका न मिळालेल्या कागदापायी सोसले, असे म्हणणे थोडे जास्त होईल. अगदीच खोटे मात्र नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांचा धुव्वा उडवला. पुणे हाती आले. पण वस्त्रे ज्याने द्यायची, तो बाजीरावच पळाला! परत यावे म्हणून निरोप गेले. बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह केला.

१८११ मध्ये भानपुऱ्यास यशवंतराव वारले. खंडेराव त्याआधीच गेला होता. गादीवर आला यशवंतरावांचा पाचेक वर्षांचा मुलगा मल्हारराव. त्याची आई केसराबाई, तीही लग्नाची नव्हती म्हणतात. कारभार तुळसाबाईने पाहिला. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांनी या मुलाला होळकरांचा धनी म्हणून मान्य केले. अखेर कागद मिळाला, तो पेशव्यांकडून नव्हे. त्याच कागदाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, खानदेशातल्या ठाण्यांसह, सोडावा लागला. तापीकाठच्या थाळनेरचा किल्ला फेब्रुवारीत इंग्रजांनी लढून घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिले.