कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर ही मल्लांची नगरी, तशीच ती कलावंतांचीही नगरी. या नगरीत ३ जून १८९० रोजी बाबूराव मिस्त्री यांचा जन्म झाला. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते चित्रकला व शिल्पकला शिकले. आनंदराव हे नात्याने त्यांचे भाऊ. नाटक मंडळ्यांसाठी दोघे मोठमोठे पडदे रंगवीत. पडद्यावरचे राजवाडे, अरण्ये आणि मार्ग इतके हुबेहूब उतरत की, मिस्त्री हे आडनाव मागे पडून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित झाला. आपण रंगवितो ती चित्रे स्थिर. ही तर हलणारी! दोघा बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. परंतु त्यासाठी कॅमेरा हवा. फाळक्यांनी आपला विल्यमसन कॅमेरा लंडनहून आणविला होता. पेंटर बंधूंपाशी तेवढे द्रव्य कोठून असणार? त्यात १९१४ साली महायुद्ध पेटले व विलायती माल दुर्मिळ झाला. तेव्हा कॅमेरा आपणच घडवावा, असे त्यांनी ठरविले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. चित्रपटाची फिल्म म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीची लांबच लांब पट्टी. तिच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. मूकपटाच्या काळी एका सेकंदात साधारणपणे १६ चित्रे घेत. म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म पुढे सरके. पण ती सरळ धावून चालत नाही. भिंगासमोर ती क्षणभर अगदी स्थिर उभी राहिली पाहिजे. तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत यावयाचा, झडप मिटताच दात्यांनी छिद्रांत अडकून पट्टी नेमकी चार छिद्रे पुढे ओढावयाची, आणि पुन्हा थांबावयाचे. हे सारे हाताने दांडा फिरवून! यात केसभर चूक झाली, तरी पडद्यावर ती कितीतरी पटींनी मोठी होऊन दिसे व चित्र थरथरू लागे.

चित्रपट दाखविण्याच्या यंत्रातही फिल्म अशीच थांबत थांबत पुढे सरकते. पेंटर बंधू प्रथम चित्रपटांचे खेळ दाखवू लागले, आणि त्याबरोबरच कॅमेऱ्याची जुळवाजुळवही चालू राहिली. ती पुरी होण्याआधीच, १९१६ साली, आनंदराव निवर्तले.

बाबूरावांवर हा मोठाच आघात होता. तरीही त्यांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले हा यंत्रकामात निष्णात शिष्य त्यांच्या साहाय्यास होता. गुरुशिष्यांनी १९१८ साली कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. त्या काळी स्त्रिया चित्रपटात काम करण्यास धजत नसत. बाबूरावांनी मात्र स्त्रीभूमिका स्त्रियांकडूनच करवून घेतल्या. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांचा गौरव केला. कीचकवधाचे दृश्य पाहून प्रेक्षक थरारून गेले.

पुढे ‘सिंहगड’ या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ तर त्याहून निराळा. त्यात देवदेवता नाहीत, राजे नाहीत; कर्जापायी जमीन गमावणारा एक गरीब शेतकरी आहे. पडदे रंगविणाऱ्या या कलावंताची दृष्टी किती दूरवर पोहोचली होती, हे याच चित्रपटावरून कळते.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे शिष्य कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ कंपनी काढली. गुरूची कंपनी पुढे फार काळ टिकली नाही. प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तेव्हा ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनी सांभाळली. बाबूराव पुन्हा कुंचला आणि शिल्पाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.